एटापल्लीच्या मुक्कामी फ्रेंच हॉर्न

एटापल्लीच्या तहसील कचेरीत मी अव्वल कारकून म्हणून रुजू झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी, मार्गशीर्षातल्या एका पहाटे, सागाच्या शेंड्यांवरचे धुके अजून उतरले नव्हते आणि कचेरीच्या आवारात पहारेकऱ्याच्या शेकोटीखेरीज दुसरी हालचाल नव्हती अशा वेळी, मी नित्याप्रमाणे पेटीतून हॉर्न बाहेर काढला, ओठाला लावला, आणि पाहतो तो त्याचे चारही व्हॉल्व्ह जागच्या जागी असे गच्च बसलेले, की जणू कोणी रात्रीतून त्यांना डाख देऊन ठेवला होता. पट्टी दाबावी तर ती दबेना. जोर करावा तर दोरी तुटण्याचे भय. आदल्या आठवड्यात मी जारावंडीकडे दौऱ्यावर होतो आणि माझ्या गैरहजेरीत खोलीची किल्ली आमच्या कचेरीतल्या जुन्या शिपायांकडे होती. ते शेकोटीपाशीच बसले होते. माझी धडपड पाहून उठून आले आणि अपराधाची छायाही नसलेल्या प्रसन्न स्वराने म्हणाले, “साहेब, तुमच्या शिशीतला तेल सरला होता. म्हणून मीच टाकलो ना जी, टोळीचा. घरचाच आहे, शुद्ध.”

टोळीचे तेल म्हणजे मोहाच्या बियांचे तेल. या मुलखात ते दिव्याला चालते, अंगाला चालते, काही घरी फोडणीलाही चालते. त्याच्या शुद्धतेविषयी मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. परंतु थंडीत ते तुपासारखे थिजते. शिपायांनी कोंबडीच्या पिसाने ते प्रत्येक व्हॉल्व्हला मायेने चोपडले होते, आणि त्या रात्रीच्या गारठ्याने आपले काम चोख केले होते. “उन्हात ठेवा ना जी, सुटते,” एवढा उपायही त्यांनीच सांगितला, आणि दहाच्या सुमाराला उन्हाने तो खरोखर सुटला. पण सुटला म्हणून प्रकरण मिटले नाही. वनस्पतीच्या तेलाला तांब्याचा सहवास फार दिवस सोसत नाही. हवा आणि तांबे मिळून ते तेल आधी चिकट करतात, मग त्याचा हिरवट राळेसारखा थर होतो, आणि ज्या फटीत केसाइतकीही जागा नाही तेथे तो थर बसला म्हणजे फिरणारा भाग वंगणावर फिरण्याऐवजी गोंदावर फिरू लागतो. महिन्याभरात माझ्या हॉर्नच्या व्हॉल्व्हमधून खुळखुळा वाजावा तसा आवाज येऊ लागला. पितळेची झीज म्हणजे काय, आणि ती रोखावी कशी, या विषयाचा माझा अभ्यास त्या आवाजापासून सुरू झाला.

हा हॉर्न माझ्या मामांचा. मामा लष्करातल्या बँडपथकात होते आणि त्यांचे शिक्षण पचमढीस झाले होते. लष्करी बँडच्या वादकांना शिकविणारा विभाग तेथे १९५० साली स्थापन झाला. साताठशे मैलांवरच्या छावण्यांतून आलेले शेतकऱ्यांचे मुलगे त्या सातपुड्यातल्या थंड हवेत युरोपीय स्वरलिपी वाचायला शिकतात आणि परत जाऊन प्रजासत्ताकदिनी कवाईत करणाऱ्या पलटणीच्या पुढे चालतात. मामांनी पेन्शनीत निघाल्यावर एक जुना जर्मन हॉर्न विकत घेतला, वीस वर्षे तो रोज वाजवला, आणि मरताना माझ्या हवाली केला. त्या वीस वर्षांत व्हॉल्व्हने कधी तक्रार केली नव्हती. माझ्या ताब्यात आल्यावर तीन वर्षांत त्याची जी दुर्दशा झाली तिची कारणे शोधताना मला कबूल करावे लागले की तीत वाजवण्याचा भाग फार थोडा होता.

हे सारे समजण्यासाठी व्हॉल्व्ह मुळात का आला ते आधी सांगितले पाहिजे. एटापल्लीच्या आसपासच्या गावांत लग्नात वा यात्रेत ढोलाच्या साथीने शिंग फुंकलेले ऐकू येते. पलीकडे बस्तरात घडवा कारागीर मेणाच्या साच्याने पितळ ओततात हे सर्वश्रुत आहे. आपल्या तुतारीत काय, या शिंगात काय, हलणारा असा एकही भाग नाही. म्हणून त्यांना झीजही नाही. पण याच गुणात त्यांची मर्यादाही आहे. एका लांबीच्या नळीतून फुंकर मारून जे स्वर निघतात ते निसर्गाने बांधून दिलेले असतात: षड्ज, वरचा षड्ज, पंचम, पुन्हा षड्ज, गांधार, पंचम. खालच्या पट्टीत रिषभ, मध्यम, धैवत मागाल तर मिळत नाहीत. युरोपातल्या शिकारी हॉर्नची हीच अवस्था होती. वादक हॉर्नच्या कर्ण्यात हात घालून स्वर चढवीत-उतरवीत, नाहीतर प्रत्येक नव्या पट्टीसाठी नळीचा वेगळा तुकडा बदलीत. १८१८ साली हाइनरिख श्टोल्झेल आणि फ्रीडरिख ब्ल्यूमेल या दोघांनी बर्लिनला व्हॉल्व्हचे पेटंट घेतले, आणि बोटाच्या एका दाबाने नळीची लांबी वाढविण्याची सोय झाली. पुढे १८३५ मध्ये व्हिएन्नाच्या योझेफ रीडल याने फिरता व्हॉल्व्ह सिद्ध केला. १८३९ च्या सुमारास पॅरिसच्या पेरिने याने वरखाली सरकणाऱ्या पिस्टनाला आज दिसते ते रूप दिले. जर्मन आणि ऑस्ट्रियन लोक फिरत्या व्हॉल्व्हचे झाले, फ्रेंच आणि इंग्रज पिस्टनचे. आणि इंग्रजांच्या पलटणींमागून पितळी वाद्ये आपल्याकडे आली असल्याने आपल्या बँडवाल्यांना व्हॉल्व्ह म्हणजे पिस्टन एवढेच ठाऊक. व्हिएन्नाच्या सुप्रसिद्ध फिलहार्मोनिक वाद्यवृंदातले हॉर्नवादक मात्र रीडलच्या गावचे असूनही आजतागायत त्याच्याही आधीच्या, जोडपिस्टनच्या पद्धतीवर अडून बसले आहेत. संगीतात हट्टाला काही किंमत असते ती अशी.

फिरत्या व्हॉल्व्हचे पोट पाहायचे तर हॉर्न उपडा करून मागच्या बाजूची छोटी घुमटाकार टोपी फिरवून काढावी. आत एक पितळी चकती दिसते, तिच्या मध्यभागी रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या गोळ्याच्या, आसाचे टोक; चकतीवर एक आणि आसाच्या टोकावर दोन बारीक खाचा कोरलेल्या असतात. पट्टी सुटलेली असताना आसाची एक खाच चकतीच्या खाचेशी जुळली पाहिजे, पट्टी दाबल्यावर दुसरी. या खुणा केसभरही पुढेमागे असतील तर आतल्या वाटा नळीच्या तोंडाशी नीट मिळत नाहीत आणि स्वर कोंडल्यासारखा येतो. दुसऱ्या बाजूला पट्टीपासून येणारी दोरी एका छोट्या भुजेला आठच्या आकड्यासारखी गुंडाळलेली असते. ती सोडवून भुजेचा मळसूत्री खिळा तीनचार फेरे सैल करायचा, पुरता काढायचा नाही. मग हॉर्न मांडीवर असा धरायचा की चकती तळहातावर पडेल, आणि खिळ्याच्या डोक्यावर लाकडी हातोडीने हलकेच टिचकी मारायची. मी सागाच्या एका ढलपीचीच हातोडी केली आहे; लोखंडी हातोडी या कामाजवळ फिरकूही नये. दोन-तीन टिचक्यांत चकती आणि तिच्यामागून रोटर हातात येतो: मोठ्या आवळ्याएवढा पितळेचा गोळा, त्याच्या अंगात दोन बाजूंनी कोरलेल्या चंद्रकोरीसारख्या खोबणी, आणि वरखाली दोन निमुळते खुंट.

त्या गोळ्याकडे प्रथम पाहणाऱ्याला वाटते की तो आपल्या घराच्या भिंतीवर घासून फिरत असेल. तसे मुळीच नाही. रोटरचे पोट भिंतीला टेकत नाही. तो वरच्या आणि खालच्या खुंटावर, म्हणजे दोन बेअरिंगांवर, तोललेला असतो. पोट आणि भिंत यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी फट असते, आणि ती फट तेलाच्या पातळ पडद्याने भरलेली असते. त्या पडद्यामुळेच वारा गळत नाही. पिस्टनाचे याच्या उलट आहे. तेथे सबंध अंगच भिंतीवर सरकते, म्हणून त्याची झीज सर्वांगाला होते. रोटरची झीज मुख्यतः खुंटांशी होते, आणि खुंट झिजले म्हणजे तोल जाऊन जे पोट कधी टेकायचे नाही ते भिंतीवर टेकू लागते. येथून पुढे झीज वेग घेते, आणि ती भरून काढणे हे मोठ्या खर्चाचे काम होऊन बसते. तात्पर्य, रोटरला तेल घालायचे म्हणजे दोन निरनिराळी तेले घालायची: पोटासाठी पातळ, खुंटांसाठी जाड. मामा हे करीत असत. पेटीत त्यांच्या दोन बाटल्या होत्या. एकीवर निळी चिंधी, दुसरीवर लाल. मी त्या चिंध्या म्हणजे म्हातारपणाची लहर समजून काढून टाकल्या होत्या.

येथे एक जुने दुःख सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. टोळीच्या तेलाच्या घटनेनंतर मी हॉर्न घेऊन एका मोठ्या शहरातल्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानाचे नाव घेण्यात अर्थ नाही. तेथल्या कारागिराने व्हॉल्व्ह हा शब्द ऐकला आणि मोटारीच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवताना जी खरखरीत ग्राइंडिंग पेस्ट लावतात तीच लावून माझे चारही रोटर आपापल्या घरांत घासून दिले. दुसऱ्या दिवशी ते लोण्यासारखे फिरत होते. मी खुशीने पैसे दिले, अहेरीच्या एसटीत बसलो आणि एटापल्लीला येईपर्यंत त्या कारागिराचे गुण गात होतो. पुढच्या सहा महिन्यांत व्हॉल्व्ह आणखी सैल झाले, मग त्याहून सैल. मी तेल घालीत होतो आणि ते झिजतच होते. याचा उलगडा मला चंद्रपूरला झाला, आणि तोही संगीतज्ञाकडून नव्हे.

चंद्रपुरात कोळशाच्या खाणींच्या पंपांची कामे करणारे एक वयस्क टर्नर आहेत. एका परिचिताने मला त्यांच्याकडे नेले. त्यांनी आयुष्यात हॉर्न हातात धरला नव्हता. लेथ थांबवून, हात पुसून त्यांनी रोटर भिंगाखाली धरला, मग त्याचे घर उजेडाकडे वळवून आत बराच वेळ पाहिले आणि विचारले, “हे पितळच ना जी? मंग हे करडं काऊन दिसते?” मी पाहिले. भिंतीवर खरोखर एक करडी झाक होती. त्यांनी सांगितले ते असे: दोन धातूंच्या मध्ये खरखरीत भुकटी घातली की ती नेहमी मऊ धातूत रुतून बसते आणि तेथून समोरच्याला कापत राहते. खाणीतल्या पंपात कोळशाची कच अशीच रुतते आणि मग शाफ्ट बदलावा लागतो. माझ्या व्हॉल्व्हची ती पेस्ट धुतलीच गेली नव्हती. तिचे कण पितळेत घर करून बसले होते आणि प्रत्येक पट्टीच्या दाबाबरोबर रोटरला सहाणेवर धरावे तसे घासत होते. तीन दिवस त्यांनी घासलेट, मऊ ब्रश, साबणाचे कोमट पाणी आणि जुन्या धोतराचे तुकडे यांनी एकेक घर धुऊन काढले. नंतर ज्या बेअरिंगचे भोक मोठे झाले होते ते बाहेरून सावकाश दाबून आवळले आणि खुंटाच्या मापाने पुन्हा भोक काढले. “हा पंपच आहे साहेब,” ते निरोप देताना म्हणाले, “फरक एवढाच की यात पाण्याऐवजी हवा फिरते.” मजुरी त्यांनी पंपाच्या दराने घेतली.

हा पंप मी जेथे नेऊन ठेवला होता ती जागा त्याला किती प्रतिकूल आहे हे मला चंद्रपूरहून परतताना कळले. एटापल्ली हा गडचिरोली जिल्ह्याचा तालुका. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला त्याच्या आधी हा सारा मुलूख चंद्रपूरच्या दप्तरात होता. तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे, आणि ते वाहून नेणाऱ्या मालमोटारींची रांग एटापल्ली ते आलापल्लीच्या रस्त्यावर लागलेली असते. उन्हाळ्यात त्या रस्त्याच्या दोन्ही कडेची झाडे तांबडी दिसतात. ती तांबडी धूळ म्हणजे हेमॅटाइट, लोखंडाचे ऑक्साइड. आणि गंमत अशी की हेच ऑक्साइड अतिसूक्ष्म करून सराफ लोक सोन्याला झिलई देण्यासाठी वापरतात. तुळशीवृंदावनाला आपण लावतो तो गेरूही याच कुळातला. कठिनतेच्या मोह्स मापावर हेमॅटाइट साडेपाच ते साडेसहा आणि पितळ तीनच्या आसपास. तेव्हा एटापल्लीच्या हवेत उघडा ठेवलेला फिरता व्हॉल्व्ह म्हणजे आपल्या आपण झिलई होत राहणारा, आणि म्हणून आपल्या आपण झिजत राहणारा पदार्थ होय. मी पेटीच्या झाकणाला आतून फ्लॅनेलची पट्टी चिकटवली, एसटीतून जाताना पेटी टपावर द्यायची बंद केली, आणि वाजवून झाल्यावर हॉर्न भिंतीला टांगून ठेवण्याची रसिकता सोडून दिली. टोपीच्या मळसूत्रात आणि पट्टीच्या सांध्यात जी लालसर पूड दिसे ती त्यानंतर दिसेनाशी झाली.

बाहेरून येणाऱ्या शत्रूचे हे झाले. आतला शत्रू आपल्या तोंडातून जातो. वैशाखात आलापल्लीच्या एका लग्नाला मी गेलो होतो तेव्हा बँडचे मास्तर माझ्या ओळखीचे झाले. त्यांच्याकडे ट्रम्पेट आणि युफोनियम, दोन्ही पिस्टनची, बहुतेक मेरठच्या जालीकोठी मोहल्ल्यातली. त्या मोहल्ल्यातली नादिर अली यांची पेढी १८८५ सालची असून उत्तर हिंदुस्थानातल्या बँडांचा तो जणू टाकसाळ-मोहल्ला आहे. वरातीत दोन गाणी झाली की मंडळी वाद्य बगलेत मारून चहा घेत, चहानंतर खर्रा तोंडात टाकीत आणि लगेच तिसरे गाणे फुंकायला लागत. ज्या वाचकांनी खर्रा पाहिलेला नाही त्यांच्या माहितीसाठी सांगतो की सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून तो होतो. या जिल्ह्यात दारू-तंबाखूच्या विरुद्ध २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान चालले आहे आणि त्याला काम भरपूर आहे. आता या मिश्रणाची फुंकर नळीत गेली म्हणजे काय होईल? सुपारीची कच ही वाळूची धाकटी बहीण. चुना नळीत दगडासारखा बसतो. चहातली साखर पिस्टनावर पाक धरते. श्वासातली वाफ पितळेच्या थंड भिंतीवर निवून पाणी होते, आणि त्या पाण्यात लाळेतली आम्लता उतरली की पितळेतले जस्त हळूहळू निघून जाते. मागे उरते ते तांब्याचे गुलाबी, सच्छिद्र डाग. लोक त्याला बाहेरून आलेला गंज समजतात आणि ब्रासोने घासतात. तो आतून येतो, आणि घासल्याने त्या जागेचे उरलेसुरले पितळही जाते. मी मास्तरांना हे सारे सांगितले तेव्हा ते वरातीच्या गोंगाटात हसले आणि म्हणाले, “बरोबर आहे ना जी, पण तोंड रिकामं राहिलं तर वरात कशी निघंल?” तथापि पुढच्या हंगामात ते भेटले तेव्हा सांगत होते की ट्रम्पेटवाल्या पोरांना त्यांनी चहानंतर चूळ भरायला लावली आहे, आणि पिस्टन आता आठवड्याऐवजी महिन्याने अडतात. खर्रा सुटला नाही, चूळ मात्र सुरू झाली. मी यालाच विजय मानतो.

तेलाविषयी आता थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण या कामात चांगल्या हेतूने जितके नुकसान होते तितके आळसाने होत नाही. पातळ तेल रोटरच्या पोटापर्यंत पोहोचवायचे तर सरकणाऱ्या नळीच्या वाटेने जावे लागते, आणि त्या नळ्यांना जाड ग्रीस लावलेले असते. वरून तेल ओतले की ते ग्रीस विरघळवीत खाली उतरते आणि रोटरला वंगणाऐवजी चिखल पोचतो. मी आरोग्य केंद्राच्या औषधनिर्मात्याकडून एक सिरिंज मागून घेतली, तिच्या सुईचे टोक कानशीने बोथट केले, आणि नळी बाहेर काढून सुई थेट आत घालून भिंतीला न लावता दोन थेंब सोडतो. मग पट्टी दहावीस वेळा हलवायची. जाड तेलाचा एक थेंब मागच्या टोपीखाली आसाच्या टोकावर, एक भुजेच्या मुळाशी असलेल्या फटीत, आणि पट्ट्यांच्या सांध्यांना त्याहूनही जाड तेल. जाड तेलाच्या जागी शिलाई मशीनचे तेल चालते, अहेरीच्या बाजारात ते मिळते, आणि मला त्याने दगा दिलेला नाही. खोबरेल, तिळाचे, सरकीचे, टोळीचे, कितीही शुद्ध असले तरी चालत नाही. घासलेट धुण्यासाठी चांगले, वंगणासाठी वाईट, कारण ते उडून जाते आणि जाताना असलेले तेलही घेऊन जाते.

व्हॉल्व्ह झिजला आहे की केवळ कोरडा पडला आहे हे ओळखण्याची एक सोपी रीत मामांच्या एका जुन्या वहीत टिपलेली सापडली. खटखट ऐकू येत असेल तर बेअरिंगवर जाड तेलाचा थेंब सोडावा. खटखट थांबली आणि तासाभराने परत आली तर खुंट झिजला आहे. थांबली ती थांबलीच तर केवळ तेलाची उपासमार होती. आणि थेंबाने काहीच फरक पडला नाही तर दोष व्हॉल्व्हचा नसून पट्टीच्या थांब्यावरच्या बुचाचा किंवा दोरीचा आहे. बूच दबून पातळ झाले की रोटर खुणेच्या पुढे जातो आणि प्रत्येक वेळी धातूवर धातू आपटतो. दोरी तर मी बाजारातली मासे धरण्याच्या गळाची वापरतो. स्वातंत्र्यदिनी ध्वजवंदनाच्या आदल्या संध्याकाळी ती एकदा तुटली होती आणि बदलायला मला मेणबत्तीच्या उजेडात पाऊण तास लागला होता. त्या वर्षी राष्ट्रगीत वेळेवर झाले, पण माझ्या बोटाला गाठीचा वण दोन महिने होता.

पावसाळ्याचे वेगळे सांगावे लागते. आषाढ-श्रावणात येथले नाले चढतात, रस्ते तुटतात, दौरे बंद पडतात, आणि कचेरीतल्या कागदांना देखील बुरशी येते. पहिल्या पावसाळ्यात मी विचार केला की असल्या ओल्या हवेत हॉर्न बाहेर काढणे म्हणजे त्याची हानी करणे. म्हणून तेल घालून, कापडात गुंडाळून, पेटी बंद करून ठेवली. आश्विनात उघडली तर तिसरा व्हॉल्व्ह हिरवा झालेला, आणि कापडाच्या ओलीने पट्टीवर दोऱ्यांची वीण जशीच्या तशी उमटलेली. जे तेल हलत नाही ते एका जागी गोळा होते, आणि जेथून ते निघून गेले तेथे पाणी आपले काम करते. दुसऱ्या पावसाळ्यापासून मी एक दिवसही खाडा केला नाही. वेळ नसला तरी पाच मिनिटे चारही पट्ट्या हलवायच्या, पाणी झटकून काढायचे, नळ्या ओढून कोरड्या करायच्या. शेजारच्या खोलीतले ग्रामसेवक म्हणत की हा मनुष्य संध्याकाळी मुक्या वाद्याशी टाइपरायटर खेळत असतो. त्याच्या पुढच्या पावसाळ्यानंतर चंद्रपूरच्या टर्नरसाहेबांनी पुन्हा भिंगातून पाहिले आणि रोटर न काढताच परत दिला.

आमचे शिपाई आता सेवानिवृत्त झाले आहेत. त्यांच्या गावी मी गेल्या वैशाखात गेलो होतो. रात्री अंगणात ढोल निघाले. वाजवण्यापूर्वी ते जाळाजवळ धरून शेकले जात होते, कातडे तंग होत होते, आणि एक तरुण पोरगा बोटाच्या टिचकीने आवाज तपासून ढोल जाळापासून वीतभर मागेपुढे करीत होता. शिपाई माझ्याजवळ बसले होते. त्यांना जुनी गोष्ट आठवली असावी, म्हणाले, “तुमच्या बाजाला आता कोणता तेल टाकता जी?” मी सांगितले. शिलाई मशीनचे तेल म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. “तोच टाकला असतो, पण घरी मशीन नाही ना,” ते म्हणाले.

वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर आजोबांच्या वा मामांच्या काळचे असे एखादे पितळी वाद्य पडून असेल, आणि या दिवाळीच्या झाडलोटीत ते हाती लागले, तर एक विनंती आहे. ब्रासो आणण्याआधी व्हॉल्व्हची पट्टी दाबून पाहा. ती दबत नसेल तर जोर करू नका, हातोडी घेऊ नका. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब बेअरिंगवर सोडा, वाद्य रात्रभर तसेच ठेवा आणि सकाळी पुन्हा दाबून पाहा. तरीही दबली नाही तर जवळच्या पंप दुरुस्त करणाऱ्याकडे जा, आणि त्याने ग्राइंडिंग पेस्ट हातात घेतली की वाद्य उचलून घरी या.